नाडगौडाच्या नावावरचा नकाशा

गटाने मिळून प्रेझेंटेशन करायची कल्पना ज्या कोणाच्या डोक्यातून निघाली, तो माणूस मला एकदा भेटायला हवा. चांगला पाणउतारा करणार आहे मी त्याचा. तिघांच्या गटात राबतो एक, मार्क पडतात तिघांना, आणि वर शिक्षक म्हणतात, मुलांमध्ये सहकार्याची भावना वाढते. डोंबलाची भावना. वाढतं ते फक्त वैर.

आमच्या गटातलं राबणारं गाढव मी. तेजल मगदूम, रोल नंबर बेचाळीस, मिरजेच्या एका मेडिकल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. त्रेचाळीस नंबर आफरीन मुल्ला, माझी हॉस्टेलमधली रूममेट. जिवाला जीव देईल, पण काम सांगितलं की हिचं डोकं दुखतं. आणि चव्वेचाळीस नंबर पृथ्वीक नाडगौडा. हजेरीपटावर मगदूम, मुल्ला यांच्या खाली नाडगौडा येतो, एवढ्या एकाच पापापायी हा प्राणी माझ्या नशिबी आला. वडिलांचं स्वतःचं चार मजली हॉस्पिटल, त्यामुळे युवराजांना कशाचीच घाई नाही. उशिरा येणार, मागच्या बाकावर पाय ताणून बसणार, आणि मी काही विचारलं की म्हणणार, "तू आहेस ना!"

विषय होता मज्जासंस्थेचे आजार. इनामदार मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या. कोणाला अपस्मार आला, कोणाला पक्षाघात, आम्हाला कंपवात. पूर्वीच्या मुलांचं बरं होतं. नेटवरून चार चित्रं उचलायची, शेवटी गुलाबाच्या फुलाची थँक्यूची स्लाइड टाकायची, की सुटले. आमच्या वेळेला, म्हणजे दोन हजार एक्केचाळीस साली, टोपी आलेली होती.

दिसायला ती ब्यूटी पार्लरमधल्या केस वाळवायच्या टोपासारखी. आत नखाएवढ्या तीनशे तबकड्या, आणि प्रत्येकीतून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी निघतात. त्या कवटीतून आत जाऊन मेंदूत हव्या त्या ठिकाणी एकत्र येतात आणि तिथल्या पेशींचं काम थोडा वेळ मंद करतात. कापाकापी नाही, औषध नाही, आठ मिनिटांनी सगळं पूर्ववत. म्हणजे धडधाकट विद्यार्थ्याला आठ मिनिटांपुरता कंपवात देता येतो. हात थरथरतो, चेहरा थिजतो, पाऊल उचलत नाही. आजार पुस्तकात वाचलेला डॉक्टर वेगळा आणि आठ मिनिटं भोगलेला वेगळा, असं मॅडमचं म्हणणं. ते मात्र मला पटायचं.

पण कोणाचा मेंदू किती रेटायचा, हे आधी ठाऊक हवं. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक पुंजका असतो. तिथे डोपामिन नावाचं रसायन तयार होतं आणि त्याच्या जिवावर आपल्या हालचाली सुरळीत चालतात. या पेशी मरायला लागल्या तरी माणसाला पत्ता लागत नाही, कारण उरलेल्या पेशी जादा राबून घर चालवतात. तिथेही गटाचंच काम, दुसरं काय! निम्म्याहून बऱ्याच जास्त गेल्या की मग एके दिवशी हात कापायला लागतो. तो झाला उंबरठा. टोपी आधी पाऊण तास नुसती मोजमापं घेते, तुम्ही त्या उंबरठ्यापासून किती लांब आहात याचा नकाशा काढते, आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी बरोबर तेवढं तुम्हाला ढकलते. निरोगी माणसाला पन्नास ते साठ एवढी ढकल लागते. हा आकडा लक्षात ठेवा.

प्रत्येक गटाने आपल्यातल्या एकाला पेशंट करायचं आणि नाव आठवडाभर आधी लिहून द्यायचं, मग बदल नाही. आमच्या वर्गाचा अलिखित नियम असा, की ज्याने काडीचं काम केलं नाही तो पेशंट. त्याला बोलायचं नसतं, नुसतं बसायचं असतं. त्यामुळे आमचा पेशंट कोण, यावर चर्चासुद्धा झाली नाही.

नकाशाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता युवराज गायब. फोन लावला तर मागे समुद्राची गाज.

"मालवणला आलोय. तू बस ना माझ्या नावावर. कार्ड आफरीनकडे आहे माझं."

"अरे मेल्या, नकाशा तुझ्या मेंदूचा काढायचाय!"

"सगळ्यांचे मेंदू सारखेच असतात गं. दोन-चार टक्के इकडेतिकडे. प्रॉक्सी काय पहिल्यांदा लावतेयस?"

पहिल्यांदा नव्हती. आमच्या कॉलेजात प्रॉक्सी ही चोरी नाही, शेजारधर्म आहे. तू माझी लाव, मी तुझी लावते. आणि नकाशा निघालाच नसता तर अख्ख्या गटाचे वीस मार्क गेले असते. आफरीनने टोपीकडे बघूनच हात जोडले. "मला नको बाई, गुदमरतं." मग मीच बसले. टोपी सांभाळणारे सुतार मामा मोबाइलवर कबड्डी बघत होते, त्यांनी मान वर केली नाही. नाडगौडाचं कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला. टोपी कार्ड ओळखते, डोकं ओळखत नाही. साक्षीदार म्हणून आफरीनने सही ठोकली. पाऊण तास मी बोटं टकटकवली, पडद्यावरच्या ठिपक्याकडे बघितलं, आणि उठले. निकाल प्रात्यक्षिकाच्या वेळीच उघडतो, त्यामुळे तो मी पाहिला नाही. उद्या डॉक्टर होणारी मुलगी मी, आणि सगळ्यांचे मेंदू सारखेच असतात हे त्या मूर्खाचं ऐकून घेतलं. माझी चूक ती.

त्या आठवड्यात आमच्या खोलीत रोज भांडण. एकदा मी टेबलाशी बसून स्लाइडी करत होते, हाताच्या अंतरावर शेगडीवर दूध. आफरीन आंघोळ करून आली ती ओरडतच.

"करपलं की गं दूध! जिन्यापर्यंत वास सुटलाय आणि तू नाकासमोर घेऊन बसलीयेस!"

"लक्ष नव्हतं."

"वासाला लक्ष लागतं होय?"

मीच तिला झापलं. तुमची दोघांची कामं मी एकटी उपसतेय, आता दूध पण मीच बघू का, वगैरे. मग तिने बदला घेतला. तिला पाठ करायला लिहून दिलेली कार्डं माझ्या पलंगावर आपटली. "ही अक्षरं आहेत की मुंग्या? पहिली ओळ तरी दिसते, खाली खाली तर नुसत्या रेघा."

"डोळे तपासून घे," मी म्हणाले.

आणि तिसरी गोष्ट गाठींची. सर्जरीत जायचं तर हात चालायला हवा, म्हणून मी बादलीच्या कडीला दोरा बांधून टाके घालायच्या गाठींचा सराव करायची. मिनिटाला बावन्न. वर्गात माझ्या जवळपास कोणी नव्हतं. नाडगौडाचे वडील सर्जन, पण त्याच्या अठ्ठावीसच्या वर कधी गेल्या नाहीत, हे मी त्याला येताजाता ऐकवायचे. त्या आठवड्यात माझ्या सेहेचाळीसच्या वर जाईनात. दोरा बदलला, बादली बदलली. सगळा दोष मी दोऱ्याला दिला.

बुधवारी दुपारी दोन वाजता प्रेझेंटेशन. बाकीचे गट टपून बसलेले, कारण दुसऱ्या गटाची विकेट काढणारा प्रश्न विचारला की मॅडम एक जादा मार्क द्यायच्या. पहिल्या बाकावर खोत नावाचा एक मुलगा बसायचा, तो तर या एका मार्कासाठी सख्ख्या भावाला विकेल. मी माइक घेतला. मागे नाडगौडा टोपी घालून खुर्चीत, मालवणच्या उन्हाने रापलेला. टोपी घुमायला लागली.

"आता आपल्याला रुग्णाच्या उजव्या हातात कंप दिसेल," मी म्हणाले.

दिसला नाही. नाडगौडाने पायावर पाय टाकला.

"थोड्याच वेळात दिसेल."

नाडगौडाने आफरीनला डोळा मारला. वर्गात खसखस पिकली. खोत उठून म्हणाला, "मॅडम, हा पेशंट बरा कसा झाला तेवढं सांगायला सांगा. आपण सगळेच श्रीमंत होऊ." मग तर छप्पर उडायची वेळ आली. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. मी खुर्चीपाशी जाऊन दातओठ खात म्हणाले, "नाटकं करू नकोस. हात सैल सोड."

"सैलच आहे बाई. मजेत आहे मी."

इनामदार मॅडम उठल्या. त्यांनी टोपी बंद केली, नकाशा पडद्यावर उघडला आणि चष्मा वर सरकवून बराच वेळ बघत राहिल्या. हसू विरत गेलं.

"चौदा," मॅडम म्हणाल्या. "लागणारी ढकल चौदा. याचा अर्थ कोण सांगेल?"

मला अर्थ कळला होता.

"ज्या व्यक्तीचा हा नकाशा आहे, तिच्या निम्म्याच्या आसपास पेशी आजच गेलेल्या आहेत. बाहेरून काही दिसणार नाही. वास येत नसेल, हात जरा मंद झाला असेल, एवढंच. उंबरठा चौदावर आलाय. तीन वर्षं, फार तर चार. आज कळलं तर उपचार आहे, पेशींची गळती आहे तिथे थांबवता येते. उंबरठा ओलांडल्यावर नाही." मग त्या नाडगौडाकडे वळल्या. "आणि याला चौदाची ढकल देऊन ढिम्म काही झालं नाही. म्हणजे एकतर यंत्र बिघडलंय, नाहीतर हा नकाशा याचा नाही. कोण बसलं होतं त्या दिवशी?"

"मीच होतो मॅडम." नाडगौडाने पापणीही लववली नाही. "यंत्रच बिघडलं असणार."

"मुल्ला, सही तुझी आहे."

आफरीनने जमिनीकडे बघत मान डोलावली. "तोच होता मॅडम."

"मगदूम?"

माइक माझ्या हातात होता. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. दूध, मुंग्या, सेहेचाळीस, सगळं एकदम डोक्यात ओळीने उभं राहिलं आणि मी घाबरले. मी पण मान डोलावली.

"पुढच्या बुधवारी पुन्हा करा," मॅडम म्हणाल्या. "नाडगौडाने सोमवारी नव्याने नकाशा काढायचा, माझ्यासमोर. यंत्राची चूक ठरली तर हा जुना नकाशा नियमाप्रमाणे पुसावा लागेल. बुधवारपर्यंत ठेवते."

जिन्यात मी नाडगौडाला गाठलं.

"खोटं का बोललास?"

"मग काय खरं बोलू? दुसऱ्याच्या नावावर तपासणी म्हणजे तोतयेगिरी. एक वर्ष घरी बसवतात तिघांना. पप्पांशी बोललो आत्ता. ते म्हणाले, नवा नकाशा स्वच्छ येईल, जुना पुसला जाईल, विषय संपला." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुझा तर फायदाच आहे. कंपवाताची नोंद झाली की सर्जरीला प्रवेश नाही, माहितीये ना? नोंद नाही तर प्रश्न नाही. आभार मानायचे सोडून डोळे काय वटारतेस?"

"नोंद नाही तर उपचार पण नाही. तीन वर्षांनी माझा हात कापायला लागेल."

"तोवर आत शिरशील. एकदा आत शिरलेल्याला कोणी बाहेर काढत नाही."

"आणि टेबलावर पेशंट असेल तो?"

"मी थोडाच झोपणार आहे तुझ्या टेबलावर?" तो हसला. "मारायला हात उचलतेयस? उचल. बघू दे, कापतो का."

कापला नाही. चांगला सणसणीत बसला. नाडगौडा गाल चोळत राहिला आणि मी जिना उतरून मुताऱ्यांच्या मागे जाऊन रडले, कारण कॉलेजात एकटं रडायला तेवढी एकच जागा आहे. तिथला वाससुद्धा मला येत नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं.

खोलीवर आफरीन दार लावून बसली होती. मी आत गेल्यावर तिने माझे डोळे ओढणीने बांधले आणि नाकाखाली एक डबी धरली.

"काय आहे?"

"रिकामी डबी."

तिने ओढणी सोडली. तिच्या हातात हिंगाची डबी होती. झाकण उघडं, आणि तिच्या स्वतःच्या डोळ्यांतून त्या उग्र वासाने पाणी येत होतं. निदान मला तेव्हा ते वासानेच वाटलं.

"कोणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "माझी सही आहे त्या कागदावर. अब्बांनी शिलाई मशीनवर पाठ मोडून पाठवलंय मला इथं. एक वर्ष घरी बसवलं तर ते काय समजतील? नको सांगूस तेजल."

"म्हणजे मी मरू?"

"मर म्हणाले का मी!" ती किंचाळली. "कंपवाताने कोणी तीन वर्षांत मरत नाही, तुझ्याच स्लाइडवर लिहिलंय! सात नंबरच्या!"

आम्ही दोघी मग दोन पलंगांवर दोन भिंतींकडे तोंड करून बसलो. तिने बरोबर सांगितलं होतं. सात नंबरच्याच स्लाइडवर होतं.

आईला फोन लावला. ती गडहिंग्लजला बालवाडी चालवते, मागे पोरांचा दंगा. "आवाज का गं असा?" म्हणाली. मी म्हणाले, सर्दी झालीय. त्या नाकाने निदान थापेला तरी साथ दिली.

शनिवारी सुतार मामा लॅबबाहेरच्या बाकावर दिसले. मांडीवर डबा, न उघडलेला. त्यांना मेमो मिळाला होता. यंत्राची देखभाल नीट केली नाही, खुलासा द्यावा.

"सतरा वर्षांत माझ्या हातून एक दिवा उडाला नाही," मामा म्हणाले. मला सांगत नव्हते, समोरच्या भिंतीला सांगत होते. "त्या दिवशी मी कबड्डी बघत होतो, खोटं कशाला बोलू. कोण बसलंय ते बघितलं नाही, ती चूक माझी. पण यंत्र चोख होतं. आणि जो बसला होता त्याला तर माहितीये की नाही? का त्यालाही लाज नाही?"

मी म्हणाले, मामा, डबा खाऊन घ्या. ते म्हणाले, तुझं तू बघ. मी तिथून सटकले. लाज होती मला, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

सोमवारी नाडगौडाचा नवा नकाशा निघाला. त्याने कँटीनमध्ये माझ्या टेबलाशी येऊन, सामोसा खात खात, बातमी दिली. "सत्तावन्न. मॅडमनी या वेळी लगेच उघडून बघितला. एकदम ठणठणीत. बुधवारी मॅडम जुना पुसतायत. आता तेवढ्या स्लाइडी नीट कर, मागच्या वेळी फार पचका झाला."

त्या दोन दिवसांत मी गाठी मारणं सोडलं नाही. सेहेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस. प्रत्येक वेळी मनाशी ठरवायचे, पन्नास झाल्या तर गप्प बसायचं. पन्नास झाल्या नाहीत, तरी गप्प बसायचं ठरवलं. कोणाला कळणार होतं? सर्जरी मिळाली असती. तीन वर्षांचं तीन वर्षांनी बघितलं असतं. बुधवारी मी इस्त्री केलेला ऍप्रन घालून, पंधरा स्लाइडी आणि शेवटी गुलाबाचं फूल घेऊन माइकसमोर उभी राहिले.

टोपी घुमायला लागली. या वेळी ती नाडगौडाच्या स्वतःच्या नकाशावर चालत होती.

आधी त्याच्या उजव्या हाताचा अंगठा हलला, जपमाळ ओढावी तसा, बोटावरून पुन्हा पुन्हा. त्याने डाव्या हाताने तो दाबून धरला. मग दोन्ही हलायला लागले. चेहऱ्यावरचा तो कायमचा उर्मटपणा पुसला गेला आणि त्याच्या जागी दुसरं काहीच आलं नाही. डोळ्यांची उघडझाप मंदावली.

"नाडगौडा, ऍप्रनच्या गुंड्या लाव," मॅडम म्हणाल्या.

लावता येईनात. गुंडी बोटांतून सुटायची, तो पुन्हा पकडायचा, पुन्हा सुटायची. तिसऱ्या मिनिटाला त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चेहरा रडत नव्हता, नुसतं पाणी गालावरून खाली येत होतं आणि ते पुसायला त्याचा हात पोचत नव्हता.

किती वेळा कल्पना केली होती मी याची! नाडगौडाचा माज उतरलेला बघायचा आणि पोटभर हसायचं. हसू आलं नाही. ती गुंडी लावणारे हात मला माझे दिसत होते. आणि त्या हातांखाली, टेबलावर, कोणीतरी पोट उघडून निजलेलं.

"प्रश्न?" मॅडमनी विचारलं.

खोत उठलाच. "हात कापायला लागल्यावर काय, कोणीही ओळखेल. उंबरठ्याच्या आधी कसं ओळखायचं? पुस्तकातलं नको. प्रत्यक्ष केस आहे का तुमच्याकडे?"

याचं उत्तर बारा नंबरच्या स्लाइडवर तयार होतं. पाच मुद्दे, रंगीत चौकटीत. बटण माझ्या अंगठ्याखाली होतं.

"आहे," मी म्हणाले. "केस सांगते."

वॉर्डात पहिल्या दिवशी शिकवतात तसं सुरू केलं, कारण दुसरं कसं बोलायचं ते मला सुचत नव्हतं. "रुग्णाचं नाव तेजल मगदूम. वय बावीस. स्त्री. मूळ गाव गडहिंग्लज, सध्या मुक्काम मुलींचं हॉस्टेल."

मागून कोणीतरी हसलं, आणि लगेच थांबलं.

"रुग्णाला हाताच्या अंतरावरचं दूध करपलेलं कळलं नाही. हिंग ओळखता आला नाही. अक्षर बारीक होत चाललंय. गाठी मिनिटाला बावन्न व्हायच्या, आता सेहेचाळीस. नकाशा काढलेला आहे. चौदा. तो नाडगौडाच्या नावावर आहे, कारण त्याच्या कार्डावर मी बसले होते. सुतार मामांच्या यंत्रात काहीही बिघाड नाही. तो नकाशा पुसू नका, मॅडम."

खुर्चीतून नाडगौडाचा आवाज आला. कंपवातात आवाजही खोल जातो, सहाव्या स्लाइडवर आहे. "गप... बस..." म्हणत होता. माझ्याशिवाय कोणाला ऐकू गेलं नाही.

आफरीन उठली. मला वाटलं बाहेर पळतेय. तिने पिशवीतून ती कार्डं काढली, मुंग्यांच्या अक्षरांची, मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि म्हणाली, "सही मी खोटी केली होती." मग माझ्याकडे असं बघितलं की खोलीवर गेल्यावर मला उभी चिरणार. पण जागेवर जाऊन बसली नाही. माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

मॅडमनी एकेक कार्ड वाचलं, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत. मला वाटलं आता ओरडतील, किंवा जवळ घेतील. दोन्हींपैकी काही केलं नाही. पेन उघडलं.

"केस अपुरी आहे, मगदूम," त्या म्हणाल्या. "सगळी लक्षणं सांगितलीस. रुग्णाची मुख्य तक्रार कुठे आहे?"

मी माइक खाली केला.

"रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत," मॅडम म्हणाल्या. "पहिल्या दिवशी शिकवलंय तुम्हाला."

तेवढ्यात टोपीची घंटी वाजली. आठ मिनिटं संपली होती. नाडगौडाने दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून पाहिले, गाल पुसले, आणि ऍप्रनच्या गुंड्या एकामागून एक लावल्या, खालपासून गळ्यापर्यंत. मी त्या बोटांकडे शेवटची गुंडी लागेपर्यंत बघत होते.

"मला सर्जन व्हायचं होतं," मी म्हणाले.

मॅडमनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.